युद्धाच्या धड्यात ट्रक ड्रायव्हर कुठे असतो?

शिक्षक मित्रहो आणि पालकहो, दुसऱ्या महायुद्धाचा धडा आपण कसा शिकवतो? सनावळ्या, सेनापती, तह. मुलं पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरतात. माझं म्हणणं एवढंच, की या धड्यात एक प्रश्न जरूर विचारा : सैन्याला पेट्रोल, तोफगोळे आणि जेवण रोज कोण पोहोचवत होतं?

एक उदाहरण पाहूया. ६ जून १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांचं सैन्य फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं. ऑगस्टमध्ये ते इतक्या वेगाने पुढे गेलं, की माल मागे किनाऱ्याजवळच राहिला. रेल्वेने पाठवावा, तर जर्मनांना अडवण्यासाठी रूळ आणि पूल दोस्तांच्याच विमानांनी उडवलेले!

मग ट्रक कामाला लागले. २५ ऑगस्टला, म्हणजे पॅरिस मुक्त झालं त्याच दिवशी, 'रेड बॉल एक्सप्रेस' ही वाहतूक सुरू झाली. एक रस्ता फक्त जायला, दुसरा फक्त यायला. इतर वाहनांना बंदी. सुमारे ६,००० वाहनं रात्रंदिवस धावत होती. २९ ऑगस्टला एकाच दिवसात १२,००० टनांहून जास्त माल गेला. तरीही ऑगस्टअखेर जनरल पॅटनचे रणगाडे पेट्रोलअभावी थांबले. कारण माल नेणाऱ्या ट्रकलाही पेट्रोल लागतंच ना! १६ नोव्हेंबरपर्यंत ही धावपळ चालली.

आणि हे ड्रायव्हर कोण होते? जवळपास तीन चतुर्थांश अमेरिकेतले कृष्णवर्णीय सैनिक. त्यांच्याच सैन्यात त्यांना वेगळ्या तुकड्यांत ठेवलं जात होतं. हा भेद संपवण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी काढला तो १९४८ मध्ये.

गणिताच्या तासालाही हे घेता येईल. एका ट्रकमध्ये अडीच टन माल धरला, तर १२,००० टनांसाठी किती खेपा? उत्तर येतं ४,८००. मुलांना आकडा काढू द्या, मग युद्ध म्हणजे काय ते त्यांना वेगळंच दिसेल.

पालकहो, आपण सहज बोलून जातो, "अभ्यास कर, नाहीतर ट्रक चालवावा लागेल." त्याच वर्गात एखाद्या ड्रायव्हरचं लेकरू बसलेलं असतं. ते हे ऐकत असतं. त्याच्या वडिलांचं काम इतिहासाच्या धड्यात मानाने येऊ द्या. पुस्तकात नसेल, तर आपण तोंडी सांगूया.