विक्रेता नसलेला उपचार

झोप येत नाही, गोळी घ्या. डोके दुखते, गोळी घ्या. ही सवय मध्यमवर्गीय घरांत इतकी रुळली आहे की तिच्यात काही वावगे आहे असे कोणाला वाटतही नाही. वस्तुतः जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार गोळीचा नव्हे, तर विचार व वर्तन बदलण्याचा असावा, अशी शिफारस ‘अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ने २०१६ सालीच केली आहे.

हा उपचार नवा नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेला नियम असा : अंथरूण झोपेसाठीच वापरावे, थोड्या वेळात झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसावे, डोळे जड झाले की परतावे, सकाळी उठण्याची वेळ मात्र रोज एकच. मुंबईतल्या एका खोलीच्या बिऱ्हाडात दुसरी खोली आणायची कोठून, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे; पण भिंतीशी टाकलेली खुर्चीही हे काम करते. पुढे १९८७ मध्ये आर्थर स्पीलमन यांनी अंथरुणातला वेळच कमी करण्याची पद्धत मांडली. आठ तास पडून साडेपाच तास झोपणाऱ्याने साडेपाचच तास पडायचे. झोप सलग होऊ लागली की वेळ हळूहळू वाढवायचा. आरंभीचे दिवस जाचक जातात, दिवसा पेंग येते, हे लपवण्याचे कारण नाही. चालू असलेली झोपेची गोळीही डॉक्टरांना विचारल्यावाचून एकाएकी सोडू नये.

ताणजन्य डोकेदुखीत कपाळाचे व मानेचे स्नायू शिथिल करण्याच्या शिक्षणाने गुण येतो. गोळीचा दोष येथे अधिकच उघड आहे : साधी वेदनाशामकेदेखील महिन्यातून पंधरा वा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर तीच डोकेदुखीचे कारण होऊ शकतात.

मग हा उपचार रुग्णापर्यंत पोचत का नाही? कारण त्याला विक्रेता नाही. गोळीमागे कारखानदार, त्याचा प्रतिनिधी आणि दुकानदार उभे असतात. नियमामागे कोणीच नसते. शिवाय या उपचाराला साधारण सहा ते आठ बैठका लागतात, आणि प्रत्येक बैठकीला फी व अर्धी रजा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने विम्यात मानसिक व शारीरिक आजारांना एका पंक्तीला बसवले खरे. परंतु रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या उपचाराचा खर्च बहुतेक विमापत्रे मुळात देतच नाहीत.

हे शिक्षण प्रशिक्षित परिचारिकाही देऊ शकतात, हे परदेशांतील चाचण्यांत दिसून आले आहे. तेव्हा जिल्हा व महापालिका रुग्णालयांत त्यासाठी आठवड्यातून एक दिवस राखणे शासनाला जड जाऊ नये. वेळ मात्र सायंकाळची ठेवावी. म्हणजे कारकुनाला रजा टाकावी लागणार नाही.