नोंदवही आणि सुरक्षितता

लैंगिक अपराधाबद्दल शिक्षा भोगून सुटलेल्या माणसावर नोंदणीचे कडक बंधन घालावे व त्याचा ठावठिकाणा सर्वांस कळावा, अशी मागणी प्रत्येक घृणास्पद घटनेनंतर होते. तिच्या मुळाशी असलेली मुलाबाळांविषयीची काळजी खरी आहे. परंतु उपायाची योग्यता काळजीच्या तीव्रतेवरून ठरत नाही. ती परिणामांवरून पारखावी लागते.

नोंदणीचा प्रयोग तंजावरच्या परिसरास नवा नाही. १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्यान्वये मद्रास इलाख्यातील अनेक जमाती गुन्हेगार ठरविण्यात आल्या. तमिळनाडूच्या विमुक्त जमातींच्या यादीत गंधर्वकोट्टै कळ्ळर हे नाव तंजावर जिल्ह्याच्या उल्लेखासह आढळते. नोंद झालेल्या माणसाकडून बोटांचे ठसे घेता येत. नेमल्या वेळी हजेरी देण्याची व मुक्काम बदलल्यास कळविण्याची सक्ती त्याच्यावर करता येई. १९२० साली मदुरै भागातील पेरुंगामनल्लूर येथे या नोंदणीला विरोध करणाऱ्या कळ्ळरांवर गोळीबार होऊन अनेक जण ठार झाले. मद्रासने १९४७ साली हा कायदा रद्द केला. १९५२ साली तो देशभर संपुष्टात आला. जन्मावरून माणसास दोषी धरणारी ती वही आणि न्यायालयाने दोषी ठरविलेल्यांची आजची वही यांत मूलभूत भेद आहे, हे विसरता कामा नये. तथापि एक धडा दोहोंस लागू पडतो. वहीतल्या नावांवरच नजर खिळली की वहीबाहेरचा अपराधी नजरेआड होतो.

लैंगिक अपराध्यांची राष्ट्रीय सूची केंद्र सरकारने २० सप्टेंबर २०१८ रोजी सुरू केली. आरंभीच तीत चार लाखांहून अधिक नोंदी होत्या. ती केवळ तपासयंत्रणेस पाहता येते, लोकांस नाही. ही मर्यादा पुष्कळांस उणीव वाटते. वस्तुतः तीच तिची शहाणीव होय.

अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने अशी नोंदणी व १९९६ च्या कायद्याने तिची जाहीर प्रसिद्धी राज्यांवर बंधनकारक झाली. प्रेस्कॉट व रॉकॉफ या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या. पोलिसांपुरत्या नोंदणीने ओळखीच्या व शेजारच्या व्यक्तींवरील अपराध घटल्याचे त्यांस आढळले. जाहीर प्रसिद्धीच्या धाकाने नवे अपराधी काहीसे कचरत असावेत. परंतु ज्यांची नावे प्रसिद्ध झाली त्यांच्याकडून पुन्हा अपराध होण्याची शक्यता वाढल्याची चिन्हे दिसली. याचे कारण समजण्याजोगे आहे. काम, घर व आप्त ही तिन्ही तुटलेल्या माणसाला गमावण्यासारखे थोडेच उरते.

आपल्याकडे प्रसिद्धीचा आणखी एक धोका आहे. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार बलात्काराच्या शेकडा नव्वदांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा होता. तो नातलग, शेजारी किंवा परिचित असतो. अशा माणसाचे नाव गल्लीत झळकले की पीडित मुलाची ओळखही लपत नाही. आणि बालकांच्या संरक्षणाचा २०१२ चा कायदा तर ती गुप्त राखण्यास सांगतो. नाव फुटेल या भीतीने घरचेच तक्रार दडपतील, आणि जो अपराध नोंदलाच गेला नाही त्याचा कर्ता कोणत्याही वहीत सापडणार नाही.

त्याच वर्षी बलात्काराच्या निकाल लागलेल्या खटल्यांपैकी दोषसिद्धी शेकडा तीसहूनही कमी होती. वहीत नाव चढते ते दोषसिद्धीनंतर. म्हणून वहीची पाने कडक करण्याआधी तिच्यापर्यंत पोहोचणारी वाट नीट करणे अगत्याचे आहे: मूल निर्भयपणे बोलू शकेल अशी शाळा, पुरावा तत्परतेने जमविणारा तपास, वेळेत निकाल देणारे न्यायालय आणि सुटलेल्या माणसावर देखरेखीबरोबरच त्याच्या उपजीविकेची सोय.

पोलिसांच्या हाती अचूक व अद्ययावत सूची असावी, यात शंका नाही. परंतु सूचीतील प्रत्येक नव्या बंधनाला एकच प्रश्न विचारला जावा: याने किती मुले वाचली? ज्या बंधनाला याचे उत्तर देता येत नाही, ते समाजाला सुरक्षितता नव्हे, सुरक्षिततेचा भास देते.