भूमच्या पोरांचं स्वप्न लहान कोण करतं?



चार वर्षांपूर्वी आमच्या भूममध्ये दहावी पास झालेल्या मुलामुलींचा सत्कार झाला. विहारात सतरंजी, समोर तथागत आणि बाबासाहेबांची प्रतिमा, प्रत्येकाच्या हातात गुलाबाचं फूल आणि एक पेन. माईक फिरवून विचारलं, पुढं काय व्हायचं? कुणी कलेक्टर म्हणालं, कुणी इंजिनिअर. एक मुलगी म्हणाली, मला जज व्हायचंय. एका पोराला ८६ टक्के होते. आईबाप दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्यावर जाणारे, पोरगा आजीपाशी राहून शिकलेला. तो म्हणाला, मला डॉक्टर व्हायचंय. सगळ्यात जास्त टाळ्या त्याला पडल्या.

गेल्या महिन्यात तोच पोरगा पहाटे एसटी स्टँडवर भेटला. अंगात ट्रॅकसूट, पाठीवर सॅक. म्हटलं, कुठं रे? म्हणाला, "ग्राउंडला, दादा. पोलीस भरतीची तयारी चालूय." मी विचारलं, आणि डॉक्टर? तो हसला आणि म्हणाला, "ते तवाचं होतं, दादा."

हे मी आमच्या एका जुन्या कार्यकर्त्याला सांगितलं, तर ते लगेच म्हणाले, "आजच्या पोरांत जिद्दच राहिली नाही. सारखा मोबाईल. बाबासाहेब रस्त्यावरच्या दिव्याखाली शिकले." समोर बसलेल्या चार जणांनी मानाही डोलावल्या. हा लेख त्या डोलावलेल्या मानांसाठी आहे.

जिद्द नाही म्हणता? मग त्या पोराच्या चार वर्षांचा हिशोब मांडू.

दहावीनंतर त्याने अकरावी सायन्स घेतलं. डॉक्टर व्हायचं तर नीट परीक्षा द्यावी लागते. नीटची तयारी म्हटलं की आपल्या भागात सगळे लातूरचं नाव घेतात. तिथल्या क्लासची फी, खोलीचं भाडं, मेसचा डबा धरला तर वर्षाचा खर्च लाखाच्या पुढे जातो. त्याच्या आईबापाने मुकादमाकडून उचल घेतलेली होती आणि ती अजून फिटायची होती. तो भूममध्येच राहिला आणि एकट्याने पुस्तकं वाचून नीट दिली. नंबर लागला नाही. पुन्हा एक वर्ष तयारी करायची तर घरात कोण पोसणार? मग बीएस्सीला गेला. कॉलेजने आधी फी भरा म्हटलं, शिष्यवृत्ती आली की परत देऊ. महाडीबीटीवर अर्ज भरायचा तर उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधारला जोडलेलं बँक खातं. एक कागद आला की दुसऱ्याची मुदत संपलेली. शिष्यवृत्तीचे पैसे आले तेव्हा वर्ष संपून परीक्षाही झाली होती. दुसऱ्या वर्षी बापाची कंबर गेली. कोयत्याची जोडी मोडली आणि पोराने पहाटे धावायला सुरुवात केली.

यात जिद्द कुठं कमी पडली ते मला दाखवा. जो पोरगा पहाटे उठून थंडीत १६०० मीटर पळतो, त्याला तुम्ही आळशी म्हणता?

आमचं भूम खव्यासाठी ओळखलं जातं. भट्टीवर पाच लिटर दूध आटवलं की किलोभर खवा उरतो. दूध आटलं की त्याची किंमत तरी वाढते. आमच्या पोराचं स्वप्न आटतं तेव्हा दहावीला डॉक्टर, बारावीला फार्मसी, एफवायला शिक्षक, एसवायला तलाठी, टीवायला "काहीही चालेल, फक्त सरकारी पाहिजे", असा हिशोब असतो. आणि भट्टी कुणी पेटवली हे न विचारता आपण दुधालाच नावं ठेवतो.

त्याच वर्गातला, त्याच बाकावरचा, शेतीवाडी आणि पाहुणेरावळे असलेल्या घरचा पोरगाही डॉक्टर होणार होता. त्याचाही नंबर लागला नाही. तो पुण्याला गेला, इंजिनिअरिंगचं एक वर्ष केलं, ते आवडलं नाही म्हणून सोडलं आणि आता मॅनेजमेंट करतोय. त्याचं स्वप्न दोनदा बदललं. त्याला कुणी जिद्द नाही म्हटलं का? लोक म्हणतात, पोराला आपला मार्ग सापडला. ज्याच्या पाठीशी जमीन, पैसा आणि ओळख आहे त्याला चुकायची मुभा आहे. आपल्या पोराला ती नाही. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा नियमच बघा. एका शाखेतून पदवी घेतली आणि मग दुसऱ्या शाखेची तीच पदवी घ्यायची ठरवली, म्हणजे बीए झाल्यावर बीकॉमला गेला, तर शिष्यवृत्ती मिळत नाही. सतराव्या वर्षी, कुणी मार्ग दाखवलेला नसताना, भूमसारख्या गावात बसून जे निवडलं तेच आयुष्यभराचं. हा नियम कागदावर सगळ्या लाभार्थ्यांना सारखा आहे. पण ज्याला शिष्यवृत्तीची गरजच नाही, त्याला तो लागतही नाही.

आता बाबासाहेबांचं उदाहरण. दिव्याखाली शिकले हे सगळे सांगतात. त्यांचे बेत किती वेळा बदलले, ते कुणी सांगत नाही.

हायस्कुलात त्यांना संस्कृत शिकायचं होतं. अस्पृश्याच्या मुलाला संस्कृत शिकवणार नाही म्हणून नाइलाजाने पर्शियन घ्यावं लागलं. १९०७ ला मॅट्रिक झाले, १९१२ ला अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन बीए झाले. १९१३ मध्ये बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती मिळाली. परत येऊन दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची असा करार होता. कोलंबियात गेल्यावर अर्थशास्त्रासोबत समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र वाचलं. १९१६ मध्ये जातीवर निबंध वाचला. पुढे लंडनमध्ये अर्थशास्त्र आणि बॅरिस्टरी एकाच वेळी सुरू केली. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. बडोद्यात अधिकारी असूनही राहायला घर मिळालं नाही. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, १९२० मध्ये 'मूकनायक' काढलं आणि त्याच वर्षी पुन्हा लंडन गाठून अर्धवट राहिलेलं पूर्ण केलं.

यात दोन प्रकारचे बदल आहेत, आणि माझं सगळं म्हणणं या दोन प्रकारांवरच उभं आहे. संस्कृतच्या जागी पर्शियन आलं, कारण दार बंद केलं गेलं. बडोद्याची नोकरी सुटली, कारण डोक्यावर छप्पर मिळू दिलं नाही. हा लादलेला बदल. पण अर्थशास्त्राचा विद्यार्थी जातीचा अभ्यासक झाला, नोकरीच्या कराराने बांधलेला तरुण समाजाचा पुढारी झाला, हा वाचनातून, अनुभवातून आणि विचारातून झालेला बदल. पहिल्या बदलाविरुद्ध ते लढले आणि दुसरा त्यांनी स्वतः घडवला. आपण मात्र दोन्हींना एकाच मापाने मोजतो. दार बंद झालेल्या पोराला आळशी म्हणतो. आणि एखादी मुलगी कॉलेजात वाचायला लागून म्हणाली, मला कलेक्टर नको, समाजशास्त्रात संशोधन करायचंय, तर तिलाही म्हणतो, डोकं फिरलं.

हो, हेही आपणच करतो. आपल्याला पोरांचं स्वप्नही लाल दिव्याचंच हवं असतं. रोहित वेमुलाला विज्ञानावर लिहिणारा लेखक व्हायचं होतं. २०१६ च्या जानेवारीत तो गेला, त्याआधी अनेक महिने त्याची फेलोशिप थांबलेली होती. त्याच्या फोटोपुढे आपण मेणबत्त्या लावतो. पण आपल्या वस्तीतला पोरगा उद्या म्हणाला, मला लेखक व्हायचंय, तर किती घरं हो म्हणतील?

काही मित्र म्हणतील, बाबासाहेबांनीच माऱ्याच्या जागा पटकावायला सांगितलं होतं, तू पोरांना नोकरीपासून तोडतोस का? अजिबात नाही. आपली पोरं पोलिसात गेली पाहिजेत, तहसीलच्या खुर्चीवर बसली पाहिजेत. अॅट्रॉसिटीची फिर्याद घेऊन गेल्यावर ठाण्यात आपला माणूस असणं काय असतं, ते खेड्यात राहणाऱ्याला विचारा. पण आकडाही बघा. २०२४ च्या पोलीस भरतीत १७ हजारांहून थोड्या जास्त जागा होत्या आणि अर्ज १७ लाखांच्या वर गेले. शंभरातला एक लागणार. उरलेल्या नव्व्याण्णवांना आपण काय सांगणार, जिद्द कमी पडली? माऱ्याच्या जागा विद्यापीठात आहेत, कोर्टात आहेत, वर्तमानपत्रात आहेत, प्रयोगशाळेत आहेत. तिथं आपली पोरं जाऊ नयेत, ती भरतीच्या मैदानावरच दमावीत, यात कुणाचा फायदा आहे याचा विचार करा. त्यात आता नवं शैक्षणिक धोरण आलंय. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडा, दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडा. ज्याचा बाप फी भरू शकतो तो पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणार नाही. हे बाहेरचं दार कुणासाठी उघडं ठेवलंय, ते वेगळं सांगायला नको.

जे आज मिळतंय तेही कुणी ताटात वाढलेलं नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. निजामाच्या राज्यातून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यात १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज उभं केलं, तेच आजचं मिलिंद. विद्यापीठाला त्यांचं नाव द्यायचा ठराव २७ जुलै १९७८ ला झाला आणि तो पुरा व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. मधल्या काळात याच मराठवाड्यात घरं जळली, माणसं गेली. भूमच्या पोराच्या पदवीवर आज जे नाव छापलेलं असतं ते त्या लढ्याचं आहे. ज्या नावासाठी लोक मेले, ते नाव असलेली पदवी हातात घेऊन पोरगा म्हणतो, ते तवाचं होतं, दादा.

सरकारला जाब विचारायचाच आहे. शिष्यवृत्ती वेळेवर का येत नाही? नीती आयोगाने आपला जिल्हा २०१८ पासून आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातलाय. जिल्ह्याच्या नावापुढे 'आकांक्षित' लागलं, मग जिल्ह्यातल्या पोरांच्या आकांक्षेचं काय? बार्टीच्या फेलोशिपसाठी २०२३ मध्ये संशोधक विद्यार्थ्यांना आझाद मैदानावर कितीतरी आठवडे का बसावं लागलं?

पण एक जाब स्वतःलाही विचारायचा आहे. त्या सत्काराच्या आयोजकांत मी होतो. पेन मी दिला, फोटो मी काढला, फेसबुकवर मी टाकला. त्यानंतर चार वर्षांत त्या पोराच्या घरी मी एकदाही गेलो नाही. स्वाधार योजनेतून बाहेरगावी शिकणाऱ्या मुलाला मोठ्या शहरात वर्षाला ६० हजारांपर्यंत मदत मिळते, हे मला माहीत होतं. परदेशात शिकायला अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने वर्षाला ७५ जागांची शिष्यवृत्ती आहे, हेही माहीत होतं. मी भाषणात सांगितलं. त्याच्या ओट्यावर बसून, त्याच्यासोबत फॉर्म भरून सांगितलं नाही. तो मुकादमाच्या हिशोबात अडकला होता तेव्हा आम्ही जयंतीच्या मिरवणुकीला डीजे कोणता आणायचा यावर तीन बैठका घेतल्या.

म्हणून भाषण थांबवून कामाचं बोलतो. भूममध्ये आम्ही चार गोष्टी ठरवल्या आहेत. तुमच्या गावात जमेल ते तुम्ही करा.

एक, जयंतीच्या वर्गणीतला चौथा हिस्सा मिरवणुकीआधी बाजूला काढायचा. त्यातून कॉलेजची पहिली फी भरायची आणि शिष्यवृत्ती आली की पोराने ती परत ठेवायची, म्हणजे पुढच्याला मिळेल.

दोन, दहावी-बारावीचा निकाल लागला की पंधरा दिवस विहारात लॅपटॉप घेऊन बसायचं. दाखले, महाडीबीटी, स्वाधार, वसतिगृहाचे अर्ज तिथंच भरायचे. ज्याला कॉम्प्युटर येतो त्याने सत्काराला हार आणू नये, तासभर वेळ आणावा.

तीन, आपल्यातून वकील, प्राध्यापक, नर्स, पत्रकार झालेल्यांना भाषणाला नाही, गप्पांना बोलवायचं. मुलींच्या आया त्या बैठकीत असल्याच पाहिजेत. मुलगी बाहेरगावी कुठं राहील, कुणाच्या भरवशावर राहील, हे त्यांना कळलं तर जज व्हायचं म्हणणाऱ्या मुलीचं बारावीनंतर लग्न उरकणार नाही.

चार, सत्कार दहावीला एकदा करून थांबायचं नाही. प्रत्येक पोरामागे एक कार्यकर्ता, पदवी होईपर्यंत. दर सहा महिन्यांनी घरी जाऊन विचारायचं: बेत बदलला का? बदलला असेल तर कशामुळे? वाचून, बघून, विचार करून बदलला असेल तर त्याच्या पाठीशी उभं राहायचं, मग त्याला कविता का लिहायची असेना. दार बंद झालं म्हणून बदलला असेल तर ते दार कुठलं, पैशाचं, कागदाचं की माहितीचं, ते शोधून सगळ्यांनी मिळून त्यावर धडक द्यायची.

बाबासाहेबांनी १९५६ मध्ये आग्र्यात शिकलेल्यांबद्दलची व्यथा बोलून दाखवली होती. ती आपण साहेब झालेल्यांना ऐकवतो. पण गावात राहिलेले आपण कार्यकर्ते तरी शिकणाऱ्याच्या किती कामाला आलो?

परवा मी त्या पोराच्या घरी गेलो. बीएस्सीचं शेवटचं वर्ष त्याने सोडलेलं नाही. भरतीला जायचं तर जा, पण परीक्षा दे, असं म्हटलं. पुढं काय वाचायला आवडेल, विचारलं. बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, आजीला सिव्हिलला नेलं होतं, तिथल्या लॅबमध्ये रक्त तपासतात ते शिकायला मिळालं तर बरं होईल. डॉक्टरपासून हे बरंच लांब आहे. पण चार वर्षांत त्याला हा प्रश्न पहिल्यांदाच कुणीतरी बसून विचारला होता. त्या कोर्सची माहिती काढलीय, त्याचा अर्ज आम्ही दोघं मिळून भरणार आहोत.

तुमच्या वस्तीतही असा एक पोरगा, एक पोरगी आहे. जाऊन विचारा.

जय भीम! जय संविधान!