गाजर गवत मला बाधत नाही, म्हणून ते सोवळं ठरत नाही

आज पिकाचं नाही, कातडीचं लिहितोय.

आपल्याकडं कुणाच्या पापण्या, मान, कोपराच्या आतली बाजू खाजून खाजून काळी-जाड पडली की निदान ठरलेलं. रक्त बिघडलंय, उष्णता आहे, वांगं बंद कर. अन् समोर बांधावर कमरेएवढं गाजर गवत पांढऱ्या फुलांनी डोलतंय, त्याचं नाव कुणी घेत नाही. घेतलं तर उत्तर तयार : आम्ही जन्मभर उपटतोय, आम्हाला कुठं काय झालं?

हे उत्तर मला मान्य नाही. मीही तीस वर्षं हातानं उपटतोय, मला कधी पुरळ आलं नाही. माझा चुलतभाऊ त्याच बांधावर वाढला. पंचेचाळिशीपर्यंत त्यालाही काही नव्हतं. मग दर पावसाळ्यात सुरू व्हायचं, थंडीत जायचं. आता बारा महिने आहे. उन्हात उभं राहवत नाही, म्हणून साडेतीन एकर निम्म्या वाट्यानं दिलं. याला काय नाटक म्हणायचं?

या गवताच्या पानाखोडावर बारीक लव असते, तिच्यात पार्थेनिन नावाचं द्रव्य आहे. अंगानं एकदा त्याचा डूख धरला की मग थोडीशी धूळही पुरते. हात लावायची गरज नाही, वाळलेल्या गवताचा भुसा वाऱ्यानं येतो. फवारणीचं औषध सांडून कातडी भाजणं वेगळं, ते कुणालाही होईल. हे ज्याच्या अंगानं डूख धरला त्यालाच. शिवाय पुरळ उठतं एक-दोन दिवसांनी. त्यामुळं दोष जातो काल खाल्लेल्या वांग्यावर नाहीतर नव्या साबणावर. खाज सुटली त्या दिवशी काय केलं हे विचारू नका, परवा कुठं होता ते विचारा.

आता कृषी खात्यातल्या अन् विद्यापीठातल्या मंडळींना दोन शब्द. पुण्यात हे गवत १९५५ च्या सुमारास दिसलं, म्हणजे सत्तर वर्षं झाली. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टला जागृती सप्ताह होतो. चार झाडं उपटायची, फोटो काढायचा, अन् फोटोत निम्म्या लोकांच्या हातात मोजे नसतात! उत्पादनात घट किती हे तुम्ही सांगता, मेक्सिकन भुंगे सोडायला सांगता, ते चांगलंच आहे. पण एकाच बांधावरच्या दोघांपैकी एकालाच का? वीस-वीस वर्षं काही नाही अन् मग एकदम का? पुढचा नंबर कुणाचा हे आधी कळेल का? याचं पक्कं उत्तर अजून कुणाकडं नाही. आणखी एक. दवाखान्यांच्या नोंदीत पुरुष रोगी जास्त सापडतात. अहो, खुरपायला वाकतात बाया! त्यांना कमी होतं, की खोबरेल लावून दुसऱ्या दिवशी पुन्हा रोजानं जातात म्हणून मोजल्याच जात नाहीत? मला दुसरं वाटतं. गावात येऊन मोजा, मग मी चूक असेन तर सांगा.

तोवर एक करता येतं. पाठीवर पट्ट्या चिकटवून तपासणी होते, पॅच टेस्ट म्हणतात. दोन दिवसांनी पट्ट्या काढून बघतात, मग एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. कातडीच्या डॉक्टरांकडं, मोठ्या सरकारी दवाखान्यात विचारा. चुलतभावाला तालुक्याच्या डॉक्टरनं चार वर्षं नुसत्या मलमाच्या ट्यूबा दिल्या, धंदा काय करतोस हे एकदाही विचारलं नाही.

त्याचा पोरगा यंदा दहा गुंठे शेवंती लावतो म्हणतोय. शेवंती गाजर गवताच्याच कुळातली, एकाचा डूख दुसऱ्यावर निघू शकतो. त्याला म्हटलं, रोपांचा ॲडव्हान्स नंतर दे, आधी बापाची पाठ तपासून आण.