भिंत कोणाची, अक्षर कोणाचे?



चावडीच्या भिंतीवर रात्रीतून कोणी खोटानाटा मजकूर लिहिला, तर गुन्हेगार कोण? लिहिणारा, की भिंतीचा मालक? जिंतूर तालुक्यात आज कापसाचा भाव, पावसाचा अंदाज, मोर्चाची हाक व्हॉट्सअ‍ॅपवरून गावोगाव पोचते. म्हणून हा प्रश्न आपलाही आहे.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९ सांगते की, लोकांनी टाकलेल्या मजकुराबद्दल कंपनी सहसा जबाबदार नाही. कोर्टाचा हुकूम किंवा सरकारची अधिसूचना येऊनही तिने मजकूर काढला नाही, तर हे संरक्षण जाते, असे सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात स्पष्ट केले. गोंदियाच्या एका प्रकरणात नागपूर खंडपीठाने २०२१ साली सांगितले की, संगनमत नसेल तर सदस्याच्या मजकुरासाठी ग्रुपचा अ‍ॅडमिन गुन्हेगार ठरत नाही.

मग कंपन्यांना मोकाट सोडायचे काय? नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, पोरे पळवणारी टोळी आल्याच्या अफवेने मंगळवेढ्याकडच्या पाच भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. त्याच महिन्यात कंपनीने एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडण्याची मर्यादा जाहीर केली. असा लगाम हवाच. पण प्रत्येक अक्षराचा दोष कंपनीच्या गळ्यात बांधला, तर ती खरेखोटे तपासत बसणार नाही. अंगाशी येईल ते पुसून मोकळी होईल. आणि आधी पुसले जाईल ते सरकारला बोचणारे.

हा नुसता तर्क नाही. १ फेब्रुवारी २०२१ रोजी सरकारी हुकमावरून ट्विटरने 'किसान एकता मोर्चा'चे खाते भारतात बंद केले. संध्याकाळी ते सुरू केले, तर सरकारने कंपनीलाच कारवाईचा इशारा दिला. कलम ६९-अ खालचे असे हुकूम गोपनीय असतात. ज्याचे तोंड बांधले, त्यालाच कारण कळत नाही. हा कुठला न्याय?

जिल्हा बैठकीत तीन मागण्यांचा ठराव व्हावा. मजकूर काढण्याचा हुकूम लेखी व सकारण असावा. त्याची प्रत लिहिणाऱ्याला मिळावी. आणि पैसे घेऊन दाखवलेल्या बोगस बियाण्याच्या जाहिरातीला कलम ७९ ची ढाल नसावी. जिथे कंपनी दाम मोजून घेते, तिथे जबाबदारीही तिने घ्यावी. लिहिणाऱ्याने आपल्या अक्षराची घ्यावी.