सीओईपी की व्हीजेटीआय? आधी राहणार कुठे ते सांगा!

दरवर्षी सीईटीचा निकाल लागला की आपल्या नंदुरबार, शहादा, तळोद्याकडे एकच विषय सुरू होतो. ज्याला पर्सेंटाइल भरपूर, त्याच्या घरी पाहुण्यांपासून दूधवाल्यापर्यंत सगळेच सल्लागार! कोणी म्हणतं, "पुण्याचं सीओईपी टाक." कोणी म्हणतं, "छे, मुंबईचं व्हीजेटीआय!" यंदा हा विषय आमच्याच घरात आला, कारण माझ्या धाकट्या भावाला दोन्हीकडे नंबर लागण्याइतके मार्क्स आहेत. मी स्वतः या दोन्हींपैकी एकाही कॉलेजात नाही, त्यामुळे कोणाची वकिली करायचं मला कारण नाही. (कॉन्व्हेंटवाली आहे, शुद्धलेखन संपादक मंडळाने सांभाळून घ्यावे!)

आता नावाचंच म्हणाल तर दोघंही तोलामोलाचे. सीओईपीची सुरुवात १८५४ ची, सरकारी बांधकामासाठी माणसं तयार करायला. २०२२ पासून ते स्वतंत्र तंत्रज्ञान विद्यापीठच झालं आहे. विश्वेश्वरय्या पुण्याच्याच या कॉलेजात शिकले आणि नोकरीच्या सुरुवातीला आपल्या खान्देशात आले. धुळ्याकडे पांझरा नदीवर त्यांनी पाइप सायफन बांधला होता. व्हीजेटीआय १८८७ चं. मुंबईच्या कापड गिरण्यांना तंत्रज्ञ हवे होते, त्यातून ते उभं राहिलं. अणुशास्त्रज्ञ अनिल काकोडकर तिथलेच मेकॅनिकलचे विद्यार्थी. सीओईपीच्या मुलांनी बनवलेला 'स्वयम्' उपग्रह २०१६ मध्ये पीएसएलव्हीवरून अवकाशात गेला. मग यात मोठं कोण आणि छोटं कोण? हा वाद म्हणजे आंबा गोड की सीताफळ गोड, असा आहे.

माझं मत असं की पहिला प्रश्न ब्रँचचा. मेटलर्जी किंवा इन्स्ट्रुमेंटेशन हवं असेल तर सीओईपी. टेक्स्टाइल हवं असेल तर व्हीजेटीआय. आपल्याकडे शेतात एवढा कापूस पिकतो, पण टेक्स्टाइल म्हटलं की लोक नाक मुरडतात, हे मला कधीच कळलेलं नाही. केवळ कॉलेजच्या नावासाठी नको असलेली ब्रँच घेऊन चार वर्षं रडत काढण्यात काय अर्थ आहे? नाव गेटवर असतं, सबमिशन रोज असतं!

पण समजा ब्रँच दोन्हीकडे तीच मिळते आहे. मग? मग दुसरा प्रश्न, आणि तो आपल्यासारख्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचा: राहणार कुठे? ज्याचं घर पुण्यात किंवा मुंबईत आहे त्याला हा प्रश्नच पडत नाही, म्हणून तो निवांत रँकिंगवर वाद घालू शकतो. आपल्याला हॉस्टेल, मेस, महिन्याचा खर्च आणि घरी यायची सोय, सगळंच बघावं लागतं. नंदुरबार सुरत-भुसावळ लाइनवर असल्यामुळे मुंबईला सुरतमार्गे रेल्वे आहे. पुण्यासाठी बहुतेकांना धुळ्यावरून रात्रीची बसच धरावी लागते. उलट मुंबईत बाहेर खोली घ्यायची म्हणजे पप्पांचा अर्धा पगार! आदिवासी विद्यार्थ्यांना हॉस्टेल मिळालं नाही तर सरकारची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. २०१६ मध्ये ती आली तेव्हा मुंबई आणि पुणे दोन्हींसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले होते. म्हणजे कागदावर माटुंगा आणि शिवाजीनगरचं भाडं सारखंच! ज्यांनी खोली शोधली आहे त्यांनाच यातला विनोद कळेल.

हे किरकोळ वाटत असेल तर एक आकडा सांगते. २०११ च्या जनगणनेत साक्षरतेत आपला जिल्हा राज्यात शेवटचा होता, ६४ टक्क्यांच्या आसपास. धडगाव-अक्कलकुव्याच्या आश्रमशाळेतून एखादा मुलगा इथवर पोचतो तेव्हा त्याच्या मागे अख्खं गाव असतं. पहिल्या सेमिस्टरला त्याला एम-वन नडत नाही, एकटेपणा नडतो. लेक्चर इंग्रजीत, आजूबाजूला सगळे फाडफाड बोलणारे. मला इंग्रजी येतं म्हणून मी त्याच्यापेक्षा हुशार ठरत नाही, पण हे त्याला कोण सांगणार? हॉस्टेलमधला आपल्या बोलीचा एखादा सीनियर दादा! म्हणून ब्रँच सारखी असेल तर जिथे हॉस्टेलची खात्री जास्त आणि आपल्याकडची मुलं जास्त, ते कॉलेज वर टाका.

काही जण म्हणतील, "अगं, पण प्लेसमेंटचं काय? मुंबईचं एक्स्पोजर?" मान्य. पण एकाच कॉलेजात दोन ब्रँचेसच्या पॅकेजमध्ये जेवढा फरक पडतो, तेवढा या दोन कॉलेजांत पडत नाही, असं माझं मत. शिवाय एक्स्पोजर घ्यायला रात्रीची झोप आणि दोन वेळचं जेवण लागतं.

आणि हो, ऑप्शन फॉर्म भरताना क्रम विचार करून लावा. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला की सीट ऑटो फ्रीझ होते, मग "काका म्हणाले होते" या कारणाला कोणी विचारत नाही. काकांना चहा द्या, फॉर्म स्वतः भरा. भावाला मी हेच सांगितलं आहे. निर्णय त्याचा.

शेवटी एकच. प्रकाशा आणि सारंगखेड्याला तापीवर बॅरेज उभे आहेत. ते पाणी शेताशेतापर्यंत न्यायला सिव्हिल लागतं, इलेक्ट्रिकल लागतं, मेकॅनिकल लागतं. ते काम करणारा इंजिनिअर पुण्याचा की मुंबईचा, हे तापी विचारणार नाही. तो चार वर्षं टिकून, शिकून बाहेर पडला पाहिजे, एवढंच. तेव्हा मित्रांनो, आधी राहायची सोय बघा, मग रँकिंग!