जुन्या गाडीला धुक्याचे दिवे

डिसेंबरातली पहाट. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून एक जुनी मारुती ८०० आग्र्याच्या रस्त्याला लागते. मागच्या सीटवर लग्नाचा आहेर, लाडवांचा डबा आणि शालीत गुरफटलेल्या आजी. मुरैना जवळ येते न येते तोच समोरचा रस्ताच नाहीसा होतो. गाडी चालवणारे सासरे घाईघाईने अप्पर लावतात, तर काचेसमोर लख्ख पांढरी भिंत उभी राहते.

"बाबा, डिपर करा, डिपर!" शेजारी बसलेली सून ओरडते.

डिपर करताच थोडा रस्ता दिसू लागतो आणि त्या थोड्याशा रस्त्यात बिनदिव्याची ट्रॅक्टर-ट्रॉली उभी असते. गाडी बैलगाडीच्या चालीने चालली होती म्हणूनच ब्रेक लागतो. लग्न थाटात पार पडते. पण घरी परतल्यावर पहिला ठराव होतो तो गाडीला फॉग लाइट बसवण्याचा.

उत्तर भारतातल्या मराठी घरांना हा अनुभव दर हिवाळ्यात येतो. खंडाळा, आंबोली, महाबळेश्वरच्या घाटांत तोच पावसाळ्यात येतो. जुन्या गाड्यांना बहुधा धुक्याचे दिवे नसतात. ते बसवणे कठीण नाही. मात्र नीट बसवले नाहीत तर उपयोगापेक्षा उपद्रवच जास्त.

धुके म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे अगदी बारीक थेंब. अप्परचा झोत उंच आणि लांब जातो, या थेंबांवर आपटतो आणि चालवणाऱ्याच्याच डोळ्यांवर परत येतो. धुक्याचा दिवा म्हणूनच बम्परपाशी, खाली बसवतात. त्याचा झोत रुंद, चपटा आणि वरून कापल्यासारखा असतो. तो डोळ्यांसमोरचे धुके न उजळता रस्ता, कडेची पांढरी पट्टी आणि साइडपट्टी दाखवतो. लांबचे दाखवणे हे त्याचे कामच नव्हे.

पिवळा दिवा धुके भेदतो, असे अनेक जण सांगतात. धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की पांढरा काय नि पिवळा काय, प्रकाश जवळपास सारखाच विखुरतो. पिवळा उजेड काहींच्या डोळ्यांना कमी बोचतो, एवढेच. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत मोटारींचे पुढचे दिवे पिवळेच असत. आवडत असेल तर पिवळा घ्यावा, पण रंगापेक्षा झोताचा आकार महत्त्वाचा.

खरेदी करताना आपल्याच मॉडेलसाठी बनवलेला, ब्रॅकेटसह मिळणारा संच घ्यावा. साध्या हॅलोजन दिव्यात ५५ वॅटचा बल्ब असतो. त्याच दिव्यात एलईडीचा बल्ब खुपसण्याचा मोह टाळावा. दिव्यातला आरसा हॅलोजनच्या तारेच्या जागेनुसार घडवलेला असतो. बल्ब बदलला की झोत विस्कटतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. एलईडीच हवा असेल तर पूर्ण दिवाच त्या जातीचा घ्यावा. त्याला वीजही कमी लागते.

जुन्या गाडीत खरी जोखीम असते वायरिंगची. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट. १२ व्होल्टच्या बॅटरीवर सुमारे ९ अँपिअर प्रवाह. एवढा प्रवाह हेडलाइटच्या जुन्या तारेतून किंवा डॅशबोर्डच्या नाजूक बटणातून नेला, तर वायर तापून आग लागण्याचीही भीती. म्हणून बॅटरीपासून वेगळी जाड तार, बॅटरीजवळच १५ अँपिअरचा फ्यूज आणि मध्ये रिले हवाच. बटण फक्त रिलेला चालवते, दिव्यांचा भार रिले उचलतो. "रिलेची काय गरज आहे?" असे म्हणणारा इलेक्ट्रिशियन भेटला, तर दुसरे गॅरेज शोधावे. फार जुन्या गाड्यांत अल्टरनेटरऐवजी डायनॅमो असतो आणि कमी वेगात तो वीज कमीच देतो. धुक्यात गाडी हळूच चालते. वर वायपर आणि हेडलाइट चालू असतातच. अशा गाडीला कमी वीज खाणारे दिवे बरे.

दिवे बसल्यावर झोत जुळवणे घरच्या घरी करता येते. सपाट जागेवर गाडी भिंतीपासून २५ फुटांवर उभी करावी. जमिनीपासून दिव्याच्या मध्यापर्यंतची उंची मोजून भिंतीवर खडूने तेवढ्याच उंचीची रेघ ओढावी. झोताची वरची कड त्या रेघेच्या सुमारे चार इंच खाली पडली पाहिजे. मागे माणसे आणि डिकीत सामान असले की गाडीचे नाक वर उचलते, हेही ध्यानात घ्यावे.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत. तेव्हा टपावर दिव्यांची रांग किंवा डोळे दिपवणारी पट्टी नको. शंका असेल तर आरटीओ कार्यालयात आधी विचारून घ्यावे.

काही गोष्टी तर फुकटच होतात. पुढची काच आतूनही पुसावी. मागच्या लाल दिव्यांवरचा चिखल धुवावा आणि जळालेले बल्ब बदलावेत, कारण धुक्यात आपण दिसणे हेही तितकेच महत्त्वाचे. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावून ठेवू नयेत. मग वळण्याची खूण मागच्याला कळत नाही. धुके सरले की फॉग लाइटही बंद करावेत.

एवढे करूनही एक हिशेब विसरू नये. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी दर सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे जाते. ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक-दीड सेकंद, मग ओल्या रस्त्यावर थांबायला आणखी अंतर. म्हणजे ४५ ते ५० मीटर सहज लागतात. हवामान खाते ज्याला अतिदाट धुके म्हणते, त्यात ५० मीटरही दिसत नाही. तिथे कितीही चांगला दिवा असला, तरी वेग कमी करण्याचे काम पायालाच करावे लागते.

ग्वाल्हेरच्या घरात दिवे बसले, झोतही भिंतीवर जुळला. सासरे खुशीत म्हणाले, "सूनबाई, आता पहाटे चारलाही निघू."

"दिवे आहेतच बाबा," सून म्हणाली, "पण निघायचं ऊन पडल्यावर."